वाघोबाच्या वळणावर न थांबलेली जीप

"मेकॅनिक कशाला हवा? एक स्क्रू तर पिळायचाय!" असं दामोदरनं जाहीर केलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, जानकीनं, आधी काडेपेटी उचलून फडताळात टाकली. अनुभव, दुसरं काय!

दामोदरची जुनी डिझेल जीप जव्हार ते खोडाळा सवाऱ्या न्यायची. पुढे जीप, मागे धूर, आणि धूर जीपपेक्षा लांब! मागच्या बाकावरचा माणूस घरी पोचला की त्याचंच कुत्रं त्याच्यावर भुंकायचं. शेवटी साखरशेतच्या लाडकीनं सगळ्यांच्या वतीनं सुनावलं,

"दामूशेठ, बाजाराच्या दिसापरेंत धूर बंद झाला त बेस. नाय त आमी समदी धर्मेंद्राच्या गाडीत!"

धर्मेंद्रची गाडी याच रस्त्यावरची, पण नवीकोरी. या सवाऱ्या तिकडे गेल्या की जीप भंगारात आणि दामोदर मेव्हण्याच्या दुकानात पुड्या बांधायला!

म्हणून त्यानं डिझेल पंपाचं शिशाचं सील जानकीच्या अडकित्त्यानं तोडलं. इंजिनात डिझेल कमी, तर धूर कमी. साधा हिशेब! मोबाइलमधला माणूस म्हणत होता, "स्क्रू जरासा फिरवा." दामोदरचा जरासा जरा मोठा होता. मध्ये येणारी एक तारही त्यानं सोडली आणि पुन्हा बांधली. ही तार ओढली की डिझेल तुटतं, इंजिन बंद पडतं. चावी फक्त चालू करायला.

चालू केली. धूर नाही! आवाजसुद्धा मवाळ. मोठं मांजर झोपेत घुरघुरावं तसा.

डग डग डग.

बाजाराच्या दिवशी जीप गच्च. भादव्यातलं धुकं. कोणी खोकेना. लाडकी मांडीवर कोंबड्याची पाटी घेऊन म्हणाली, "बेस केलंस!" दामोदरची छाती इतकी फुगली की स्टिअरिंग फिरेना.

फक्त एक झालं. धूर होता तोवर धुकं गाडीत शिरायला धजत नव्हतं. आता ते आत आलं आणि सगळ्यांच्या मधे बसलं.

घाटात वाघोबाचा दगड आहे. त्या वळणावर प्रत्येक गाडी बंद करतात. कोणी बोलत नाही. एकजण उतरून फूल ठेवतो, मग निघायचं. देवाला कळलं पाहिजे की आपण गप्प आहोत. दामोदरनं तार ओढली.

डग डग डग.

पुन्हा ओढली.

डग डग.

"दामूशेठ," म्हातारा गोमा कुजबुजला, "गाडीला सांग, गप ऱ्हा."

"सांगतोय ना, बाबा!"

त्यानं चावीच काढली आणि सगळ्यांना वर धरून

डग डग डग

दाखवली.

"चावी तुज्या हातात?"

"हो."

"मंग चालवतंय कोन?"

पाटीतल्या कोंबड्यानं मान पंखात घातली.

"काही नाही हो! तार निसटलीय. दाखवतो!" म्हणत दामोदरनं बॉनेट उघडलं. तार जागेवर होती. घट्ट! त्यानं ती हातानं ओढली. पंपाचा दांडा निमूट फिरला. डिझेल तुटलं असणार. तुटायलाच हवं.

डग. डग. डग.

हळू झालं, पण थांबलं नाही. आणि दगडापलीकडच्या धुक्यातून उत्तर आलं. डग. डग. एक ठोका मागे.

"घुमतंय," दामोदर म्हणाला. त्याचा आवाज कोंबड्यासारखाच पंखात गेला होता.

तेवढ्यात मागच्या वळणावर दोन पिवळे डोळे उघडले!

"मेलो!" दामोदर ओरडला. देवापाशी बोलायचं नसतं, हे शिकवणारा तोच!

डोळे जवळ आले, खटकन विझले. धर्मेंद्र गाडीतून उतरला. त्याची गाडी कशी एका झटक्यात गप्प!

"बंद पडलात काय?" त्यानं हळूच विचारलं.

"बंद पडत नाही, हीच तर भानगड!"

"मग या सगळे माझ्या गाडीत. जागा आहे."

दामोदरच्या डोळ्यांपुढे मेव्हण्याचं दुकान आलं. पुड्यांचा दोराही दिसला. सवाऱ्या एकेक करून खाली उतरल्या. गोमानं जीपच्या टपाला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"बसा परत," तो म्हणाला. "देव बसलाय आत. आजवर वाघोबा कंदी बाजाराला निघाला न्हवता. त्याला एकट्याला धाडायचं काय?"

"नाय, नाय!" लाडकी म्हणाली. "नुसतं पुढची शीट मोकळी ठेवा त्याला."

सगळे चपला हातात घेऊन परत चढले. मागे दाटीवाटीनं बसले. पुढची सीट मोकळी. एकही सवारी फुटली नाही! दामोदरला रडू आलं, आनंदाचंच. बॉनेट लावून तो स्टिअरिंगकडे वळला. दार उघडलं. आणि शेजारची मोकळी सीट, कोणीतरी सावकाश टेकावं तशी, करकरत खाली दबली.

खोडाळ्याच्या रस्त्याला धर्मेंद्रच्या गाडीत एकच सवारी होती. डोळे घट्ट मिटलेली.

"दामोदर," धर्मेंद्र आरशात बघत म्हणाला, "तुझी जीप सगळ्या सवाऱ्यांसकट आपल्या मागून येतेय."

"येऊ दे."

"अरे, पण चालवतंय कोण?"

"ते मला सांगू नकोस!" दामोदरनं डोळे आणखी मिटले. मग न राहवून हळूच विचारलं, "धूर दिसतोय का, तेवढं सांग."