चंद्रविलास टॉकीजमधला जादा डायनासोर

"मराठवाड्यात गुन्हे भरपूर हायेत, गुप्तहेर मात्र एकच हाय," असं म्हणून भागवतराव पतंगे क्षणभर थांबायचे. समोरच्याने 'कोण?' म्हणून विचारावं यासाठी सोडलेली ती जागा असे. कोणी विचारलं नाही तर तेच पुढे सांगायचे. "माणसाच्या चपलेकडं एकदा पाहिलं की मी त्याचं गाव, गोत्र आन् गुडघेदुखी सांगतो. माझी नजर म्हंजे एक्स-रे. माझे कान म्हंजे टॉवर. आन् माझं डोकं म्हंजे..."

डोक्याला मात्र त्यांना आजवर उपमा सापडली नव्हती. ते शोधत असताना धम्मदीप खिल्लारे झेरॉक्स मशीनमध्ये डोकावून शांतपणे म्हणायचा, "रिकामं हाय. पेपर भरावा लागते."

हिंगोलीच्या एसटी डेपोसमोर धम्मदीपचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच्या एका कोपऱ्यात एक टेबल आणि दोन खुर्च्या, म्हणजेच 'पतंगे गुप्तहेर ब्युरो'. खतांच्या दुकानात बावीस वर्षं काउंटर सांभाळल्यावर भागवतरावांनी हा व्यवसाय काढला होता. त्यांच्या नावावर दोन केसेस जमा होत्या. एका केसमध्ये हरवलेली शेळी आपणहून घरी आली. दुसऱ्या केसमध्ये लग्नातून गायब झालेले बूट भागवतरावांच्याच पायात सापडले. धम्मदीप त्यांचा सहायक होता, कारण त्याच्याकडे मोटारसायकल होती आणि नाही म्हणायची सवय नव्हती.

गेल्या आठ महिन्यांत मात्र ब्युरोत कोणी आलं नव्हतं. संध्याकाळी बायको विचारायची, "आज कोण आलतं?" भागवतराव म्हणायचे, "ते गोपनीय हाय." हे धम्मदीपला ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याने तो कोपरा अजून कोणाला भाड्याने दिला नव्हता.

त्या गुरुवारी चंद्रविलास टॉकीजचे मालक किसनसिंग दुकानात शिरले. ते आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले असावेत असं समजून धम्मदीपने हात पुढे केला, पण ते थेट टेबलासमोर जाऊन बसले.

"पतंगेसाब, लई तकलीफमध्ये हाय मी. माझ्या पिक्चरमध्ये एक डायनासोर जादा निघाला."

भागवतरावांनी खुर्ची पुढे ओढली. धम्मदीपने मशीन बंद केलं.

हकीकत अशी होती. डायनासोरच्या त्या जगप्रसिद्ध पिक्चरचा नवा भाग चंद्रविलासला लागला होता. टॉकीज चालेनाशी झाली होती, आणि ती पाडून मंगल कार्यालय बांधावं असा घरच्यांचा लकडा होता. हा पिक्चर चालला तर टॉकीज राहणार होती. पण पहिल्याच दिवशी लोक जांभया देत बाहेर आले. "मागच्या भागात बेटावर गेले, ओरडले, पळाले. या भागात दुसऱ्या बेटावर गेले, ओरडले, पळाले," असा एकंदर निकाल होता. शनिवारी मात्र दुपारच्या शोला अचानक शिट्ट्यांनी छत हललं. पिक्चरमध्ये एक काळा, अवाढव्य डायनासोर अवतरला होता. तो वरून उलटा येतो, अख्खं हेलिकॉप्टर झाकून टाकतो आणि निघून जातो. व्हॉट्सॲपवरून बातमी गावोगाव गेली. आखाडा बाळापूरहून जीप भरून लोक येऊ लागले. औंढ्याकडून टेम्पो आला.

"मंग तकलीफ काय हाय?" धम्मदीपने विचारलं.

"नांदेडला तोच पिक्चर लागलाय. तिथं हा काळा डायनासोर न्हाईच! हिंगोलीतच हाय. डिस्ट्रिब्युटरकडून फोन आला, पिक्चरमध्ये काय घुसवलं म्हणून. रविवारी त्यांची मॅडम येऊन राहिली. मी छेडछाड केली असं ठरलं, तर पिक्चर काढून नेतात. मंग टॉकीज गेली."

भागवतराव उठून उभे राहिले. "किसनसिंगजी, तुमी आत आलात तवाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली व्हती. जा निर्धास्त. रविवारी आरोपी तुमच्या पायाशी असंल."

शुक्रवारी बाराच्या शोला दोघं जाऊन बसले. पिक्चर अर्ध्यावर येईपर्यंत धम्मदीपची एक डुलकी झाली. मग पडद्यावर उजेड पडला, पांढऱ्याशुभ्र बर्फात दोन डायनासोर एकमेकांच्या नरड्याला भिडले, आणि तेवढ्यात वरच्या कोपऱ्यातून तो आला. काळाकुट्ट. कडा जरा धूसर, पण शेपूट एकदम ठसठशीत. दोन्ही लढवय्यांवरून तो निवांत चालत गेला, मध्येच थांबला, एकदा मान झटकली आणि गेला.

"आला रे आला!" सगळी टॉकीज उभी राहिली.

शेजारी आखाडा बाळापूरचे सटवाजी बसले होते. हळद विकायला मार्केटला आले की ते हा पिक्चर पाहूनच परतत, ही त्यांची तिसरी खेप. टोपी सारखी करत ते म्हणाले, "बाकीचे उगं बोंबलतेत. ह्यो एकटाच खरा वाटते. अॅक्टिंग करूनच न्हाई राहिला."

भागवतरावांनी वहीत लिहिलं: 'साक्षीदार क्र. १. आरोपीवर फिदा.'

बाहेर येताच त्यांनी पहिला सिद्धांत मांडला. "मशीन चालवणारा धरमसिंग. त्यानंच मोबाईलवरून घुसवला."

धरमसिंग पन्नाशीचा माणूस. तो म्हणाला, "साहेब, मला नातवाचा फोटो सरळ करता येत न्हाई. हे पाहा, अजून आडवाच हाय." फोटो खरोखरच आडवा होता. सिद्धांतही आडवा झाला.

दुसरा सिद्धांत चहा पिताना सुचला. "मंगल कार्यालय बांधू पाहणाऱ्या घरच्यांचाच हा कट हाय. टॉकीज बदनाम करायची."

"पण साहेब, टॉकीज त्यानंच भरून राहिली ना."

"ती त्यांची चूक झाली," भागवतराव म्हणाले आणि उरलेला चहा बशीत ओतला.

तिसरा सिद्धांत सर्वांत भव्य होता. शनिवारी सकाळी ते दुकानात आले तेच दबक्या पावलांनी. "धम्मदीप, हिंगोलीत काय हाय जे नांदेडात न्हाई?"

"तुमी."

"हळदीचा बाजार! मार्केटची हळद हवेत, हवेतून नाकात, नाकातून मेंदूत. सगळ्या गावाला एकच भ्रम. शास्त्रात याला नाव हाय, मला सध्या आठवत न्हाई."

सिद्धांत तपासायची जबाबदारी अर्थातच सहायकावर आली. नाकाला तिहेरी रुमाल बांधून धम्मदीप दुपारच्या शोला बसला. घाम आला, श्वास कोंडला, शेजारच्या बाईने संशयाने आपली पर्स मांडीवर घेतली. काळा डायनासोर मात्र ठरल्याप्रमाणे आला, आणि आज तर दोनदा आला.

"पतंगेसाहेब," बाहेर येऊन रुमाल सोडत तो म्हणाला, "आता ढील देणं बंद करा. उद्या मॅडम येऊन राहिली. आपल्याकडं काहीच न्हाई."

मोटारसायकलच्या मागे बसून घरी जाताना भागवतराव हळूच म्हणाले, "बायकोला सांगून बसलो रे, मोठी केस आली म्हणून. ती उद्या पिक्चरला येनार हाय. बहिणीला घेऊन."

धम्मदीपने गाडी जरा हळू केली.

रविवारी तीनच्या शोला टॉकीज तुडुंब भरली. डिस्ट्रिब्युटरच्या मंजुषा मॅडम संभाजीनगरहून आल्या होत्या. हातात वही, चेहरा परीक्षकाचा. त्यांच्या शेजारी किसनसिंग हात जोडूनच बसले होते. दोन रांगा मागे सटवाजी आज अख्ख्या कुटुंबासह. पलीकडे भागवतरावांची बायको आणि मेहुणी.

बर्फाचा सीन आला. पडदा पांढरा झाला. वरच्या कोपऱ्यातून काळं डोकं डोकावलं.

"मॅडम, ह्योच तो," किसनसिंग पुटपुटले, जणू स्वतःच्याच मुलाला पोलिसांना दाखवत होते.

त्याच क्षणी भागवतराव ताडकन उठले. "रंगेहाथ पकडतो!" म्हणत ते जिन्याकडे धावले. धम्मदीपही मागे धावला, पण जिन्यात अंधार होता आणि भागवतरावांची एक चप्पल वाटेतच पडली होती. तिला अडखळून तो जो बसला, तो बसलाच.

वर मशीनच्या खोलीत धरमसिंग शांतपणे शेंगा खात होता. भागवतरावांनी त्याचे खिसे तपासले. तारा तपासल्या. काही सापडेना. मशीनचं भिंग आणि भिंतीतली काच यांच्यामध्ये वीतभर जागा होती. गुप्त यंत्र तिथेच दडवलं असणार! त्यांनी आत मान घातली.

खाली बर्फाळ दरीत नायिका जीव मुठीत धरून पळत होती. अचानक तिच्या डोक्यावर एक प्रचंड मुंडकं उगवलं. गोल डोकं, पडवळासारखं नाक, त्याखाली दोन्ही बाजूंना वर वळलेल्या मिशा. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग उजेडाने ते शिंकलं.

जो गदारोळ उठला तसा चंद्रविलासने पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. शिट्ट्या, टाळ्या, हवेत टोप्या. "मिशीवाला! मिशीवाला आला!" सटवाजी खुर्चीवर चढले. भागवतरावांच्या मेहुणीने बहिणीला विचारलं, "ताई, हे भाऊजीवानी कोण दिसून राहिलं?" बायकोने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की काय, ते अंधारात कळलं नाही.

दाराशी झाडू घेऊन रूपाबाई उभ्या होत्या. चंद्रविलासची झाडलोट त्या वीस वर्षं करत होत्या. पडद्याकडे पाहून त्या सहज म्हणाल्या, "आता कसं, साहेबाचं डोस्कं बी दिसाया लागलं. पालीवानी."

मंजुषा मॅडम वळल्या. "पालीसारखं म्हणजे?"

"मशीनच्या खोलीत त्या काचीवर पाल हाय की ओ. उजेड पडला की किडे येतेत, किड्यामागं ती येते. काचीवरून चालली की पडद्यावर तिची सावली ही एवढी दिसते."

"रूपाबाई!" किसनसिंग ओरडले. "आठ दिस झाले, तुमी बोलल्या काहून न्हाई?"

"मला इचारलं कोणी? मी म्हणलं, तुमाला ठाऊकच असंल. टॉकीज तुमची हाय."

सगळे वर गेले. भागवतराव नुकतेच मान सोडवत होते, धम्मदीप गुडघा चोळत होता. काचेच्या वरच्या कोपऱ्यात, बोटभर लांबीची एक फिकट पाल शेपूट वळवून निवांत बसली होती. तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि एक किडा गिळला.

किसनसिंगांनी जोडलेले हात सोडले. छेडछाड नव्हती. टॉकीज वाचली होती.

भागवतराव मात्र खाली पाहत राहिले. जिन्यात बायको येऊन उभी होती. धम्मदीपने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पालीकडे, आणि मोठ्याने म्हणाला, "किसनसिंगजी, आठवते का? साहेब पहिल्याच दिवशी म्हणले व्हते. पाल चुकचुकली म्हणून!"

भागवतरावांनी चमकून वर पाहिलं. मग छाती हळूहळू पुढे आली. "व्हय. बराबर. फक्त ती कुठं हाय तेवढं सांगायचं राहिलं व्हतं."

मंजुषा मॅडमनी वहीत लिहिलं: 'काळा डायनासोर: नैसर्गिक कारण.' जरा विचार करून खाली आणखी एक ओळ लिहिली: 'मिशीवाला: स्थानिक.' मग वही मिटून त्या पहिल्यांदाच हसल्या. "काच पुसून घ्या," एवढं सांगून त्यांनी गाडी गाठली.

रूपाबाईंनी काच लखलखीत पुसली आणि पालीला झाडूवर घेऊन मागच्या भिंतीवर सोडलं. सोमवारी बाराच्या शोला पिक्चर जसा बनवला होता तसा दिसला. लोक अर्ध्यातून उठले. "आपला काळा कापला," म्हणत औंढ्याचा टेम्पो परत गेला. मंगळवारी टॉकीजमध्ये सात माणसं होती, त्यातली दोन पंख्याखाली झोपायला आलेली. पालीला नवी भिंत मानवली होती, ती काही परत येईना.

बुधवारी किसनसिंग पुन्हा दुकानात आले. खुर्चीच्या कडेवर बसून बराच वेळ टोपीशी चाळा करत राहिले.

"पतंगेसाब, सटवाजीचा फोन आलता. बाळापूरहून दोन जीपा भरून यायला तयार हायेत. काळा नसला तरी चालते म्हणाले. फक्त इचारत व्हते..." ते अडखळले. "मिशीवाला कोणत्या शोला असते?"

भागवतराव सावकाश उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मराठवाड्यातल्या एकमेव गुप्तहेराला कोणीतरी मुंडकं दाखवायला बोलावत होतं! ते खिडकीशी गेले. बाहेर आखाडा बाळापूरची गाडी लागली होती, कंडक्टर गावांची नावं पुकारत होता. भागवतरावांनी पाठमोऱ्यानेच मिशीला पीळ भरला.

"शिंकायचं," त्यांनी विचारलं, "का नुसतं पाहायचं?"