नीट वाचून घेणारे भाऊसाहेब

भाऊसाहेबांनी आयुष्यात एकाही कागदावर न वाचता सही केलेली नाही. दुधाच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि मगच पिशवी फोडतात. (तोवर चहाचं पाणी आटून जातं, असं वहिनींचं म्हणणं.) या एका गुणावर त्यांनी कचेरीत हेडक्लार्की निभावली, आणि त्याच गुणाने त्या शनिवारी घात केला.

गोष्ट शेजारच्या घरातली. भिंतीला कान लावायची मला सवय नाही. मधली भिंतच पातळ, तिला मी काय करणार?

तर वहिनी शिवणकाम करतात. हल्ली कटिंगचे नमुने त्या कॉम्प्युटरवर काढतात. एका शाळेच्या गणवेशाचं काम पहिल्यांदाच चालून आलं होतं. नमुना संध्याकाळी पाचच्या आत गेला नाही, तर काम दुसऱ्या शिंप्याकडे जाणार होतं. शर्टाची पाठ झाली, बाह्या झाल्या, कॉलर तेवढी राहिली होती. पण चित्र फिरवलं की पडदा अडखळायचा, अगदी म्हातारा बैल चढावर थांबतो तसा.

“ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे चित्रं चालवणारा प्रोग्रॅम, जुना झालाय,” भाऊसाहेब म्हणाले. “नवा टाकतो. पाच मिनिटांचं काम.”

“आज नको हो. माझी कॉलर होऊ दे, मग उद्या काय ते टाका.”

“तुला त्यातलं काय कळतं?”

वहिनी गप्प बसल्या. (वहिनी गप्प बसल्या की शहाण्या माणसाने हातातलं काम खाली ठेवावं. भाऊसाहेबांनी ठेवलं नाही.)

कॉम्प्युटरवर चालते ती फुकटातली सिस्टीम. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने बसवून दिलेली. तो दिसेल त्याला फुकटची सिस्टीम बसवून देतो, म्हणून त्याचं नावच फुकटराव पडलं आहे. भाऊसाहेबांनी आधी जुना ड्रायव्हर काढून टाकला. एका खुर्चीत दोन साहेब बसत नाहीत, हा त्यांचा हिशेब. मग नवा घातला. मध्येच मशीनने, चालू होताना नव्या ड्रायव्हरची नोंदणी करायला लागेल म्हणून, एक पासवर्ड ठरवायला सांगितला. वहिनींचं ‘आज नको’ त्यांच्या डोक्यात अजून घुमत होतंच. गालातल्या गालात हसत त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि मशीन बंद करून चालू केलं.

एक निळी पाटी आली. पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर.

“थांब,” भाऊसाहेब स्वतःलाच म्हणाले, आणि चष्मा शोधू लागले. चष्मा कपाळावर होता. तो नाकावर येईपर्यंत पाटी गेली आणि पडदा उजळला. पण काय उजळला! एकेक चित्र बादलीच्या झाकणाएवढं. वहिनींचा शर्ट उघडला, तर एकच बाही मावली, आणि सेव्ह करायचं बटण पडद्याच्या खाली कुठेतरी तळघरात गेलं.

“ही तुमची पाच मिनिटं का?” वहिनींनी विचारलं. घड्याळात बारा वाजले होते. भाऊसाहेबांच्या तोंडावरही.

फुकटरावांना फोन लावला.

“मध्ये काही विचारतं का, साहेब?”

“विचारत काही नाही. एक निळी सूचना येते. ती वाचतोय मी.”

“वाचा, वाचा! अगदी नीट वाचा. लोक वाचत नाहीत, तिथेच सगळं अडतं.”

झालं! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पाटी परत यावी म्हणून भाऊसाहेबांनी पुन्हा सगळा घाट घातला. काढलं, घातलं, तोच पासवर्ड दिला. या वेळी चष्मा नाकावर ठेवूनच मशीन चालू केलं. पाटी आली. त्यांनी वरून सुरुवात केली, एका शब्दाशी थबकले, डिक्शनरीकडे हात नेला. पाटी गेली. बादलीची झाकणं हजर.

तिसऱ्या खेपेला त्यांनी वही-पेन्सिल घेतली. दीड ओळ उतरली. चौथ्या खेपेचं सगळं टाकून होईस्तोवर चार वाजून गेले. आता वहिनींनाच शेजारी बसवलं.

“हे बघ, मी वाचतो, तू उतरून घे.”

वहिनी हातातलं काजं-बटणांचं काम तसंच घेऊन आल्या. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तानही काढलं नव्हतं. मी वाटी परत द्यायला म्हणून नेमकी दारात पोचले. (वाटी रिकामी होती, घाई काही नव्हती, पण अशा वेळी माणसाने शेजाऱ्यांजवळ असावं.)

पाटी आली. भाऊसाहेबांनी घसा खाकरला. “शिम… यू… ई…”

“अहो, तो खालचा आकडा दहापासून कमी होतोय. आठ. सात.”

“मध्ये बोलू नको. लिही.”

“पाच! काहीतरी दाबा म्हणतंय ते!”

“पूर्ण वाचल्याशिवाय मी—”

“तीन!” असं म्हणत वहिनींनी अंगुस्तानासकट बोट खाडकन एका बटणावर आदळलं.

पाटी थांबली. खाली यादी आली. दूध उतू जाताना जो हात गॅसकडे जातो, त्याच हाताने वहिनींनी नोंदणीची ओळ निवडली, मग पुढची. दिवसभर बंद असलेलं दार दोन टिचक्यांत उघडलं.

“पासवर्ड मागतंय. सांगा.”

भाऊसाहेबांचा चेहरा पडला. “मी टाकतो. तू जरा पाणी आण.”

“साडेचार झालेत! सांगा लवकर. परत आकडे पळायला लागले तर?”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटीकडे पाहिलं.

“बी,” ते म्हणाले. “ए. वाय. के. ओ.”

“बायको!” वहिनी चक्क लाजल्या. “इश्श. पुढे?”

पुढचं त्यांनी इतक्या हळू सांगितलं, की मला एक पाऊल आत जावं लागलं. एकेक अक्षर दाबताना वहिनींची लाज उतरत गेली. शेवटचं अक्षर दाबून त्यांनी ठणठणीत आवाजात वाचलं, “बायकोचं ऐकू नये.”

मशीनने ते बिनतक्रार मान्य केलं. पडदा उजळला, शर्ट दोन्ही बाह्यांसकट मावला आणि लोण्यासारखा फिरू लागला. कॉलर झाली. पाचला सात मिनिटं असताना नमुना गेला, आणि सोमवारी काम वहिनींनाच मिळालं.

पण कॉम्प्युटर उघडायचा पासवर्ड वहिनींनी त्याच संध्याकाळी बदलला. भाऊसाहेबांना पत्ते खेळायचे असले, की आता विचारावं लागतं. वहिनी शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणतात, “ओळखा. दहा सेकंद देते.”

आणि मोजू लागतात. भाऊसाहेब चष्मा शोधतात.