रिकाम्या वाफ्याचे राखणदार

आमच्या शेजारचे मेजर रिकाम्या जमिनीवर पहारा देतात. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण सांगलीकडच्या आमच्या गावात फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजरच. घरामागच्या हळदीच्या रानाला लागून त्यांचा एक वाफा आहे. दिवाळीनंतर त्यात काडीही दिसत नाही. तरी कुणी पाय टाकला की मेजर शिट्टी वाजवतात.

“आवं, खाली माणसं झोपल्यात!”

ही माणसं म्हणजे भुईचाफ्याचे कंद. चैत्रात, पान नसताना, थेट मातीतून पांढरी-जांभळी फुलं येतात आणि वास पार रस्त्यापर्यंत जातो. मग मेजर खुर्ची टाकून मधमाश्यांची वाट बघत बसतात आणि मला हाक मारून विचारतात.

“गुरुजी, अजून एक बी माशी आली न्हाई. कुणी फवारलं का वं?”

कुणाच्या पाठीवर पंप दिसला की त्यांना घास उतरत नाही.

यंदा मेजर जेवायला गेले तेवढ्यात हळद काढायला आलेल्या बायकांनी चुकून हा वाफाही खणला. कंदासारखा कंद, गेला शिजवायच्या ढिगात. मेजर ढिगावरच जाऊन बसले. चूल पेटवू देईनात. एकेका कंदाला नख लावायचं. पिवळा निघाला तर हळद, पांढरा निघाला तर आपला.

“मेजर, बसायचा पगार मिळतोय व्हय?” बायका खिदळल्या.

“पेन्शन हाय मला!” मेजर ओरडले.

एवढीच गोष्ट मी चहाच्या टपरीवर रंगवून सांगत आलो. पुढचं सांगितलं नाही, ते मनाला लागून राहिलंय.

सापडले तेवढे कंद त्यांनी परत पुरले. चैत्र निम्मा सरला तरी मातीतून काही वर येईना. एका दुपारी त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. त्यांच्या खाटेशेजारच्या भिंतीत, एका फटीच्या आत, मधमाश्यांचं पोळं आहे. पुण्याला नोकरी करणारा मुलगा सणाला आला की म्हणतो, धूर करून घालवा. मेजर ऐकत नाहीत. शिवारात नुसता ऊस आणि हळद. उन्हाळ्यात ह्या माश्यांनी खायचं काय, म्हणून तो भुईचाफा.

“दिवसभर गुणगुणत्यात वं. घरात कुणीतरी हाय असं वाटतं. परवापासनं आवाज कमी झालाय. उपाशी निघून गेल्या तर?”

त्यांनी माझं डोकं धरून डावा कान भिंतीला टेकवला.

“ऐका की जरा. हायत का?”

त्या कानानं मला काही ऐकू येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तरी ‘हायत’ एवढं ऐकायला श्वास रोखून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.