उशीची रंगीत तालीम

विमानात आपण झोपायचं, असं मी ठरवलं. एवढाच तो निर्णय. जगात रोज लाखो माणसं विमानात झोपतात आणि त्यातल्या कुणालाही त्यासाठी आधी काही ठरवावं लागत नाही. माझं तसं नाही. पलंगावर आडवं झालं की मला उत्तम झोप येते, पतपेढीत टेबलावर डोकं टेकून तर त्याहून उत्तम येते (मॅनेजरसाहेबांनी हे मला लेखी कळवलेलं आहे). पण बसल्या बसल्या झोपलो, की माझी मान डाव्या खांद्याकडे वळते आणि पुढं कितीतरी दिवस वळलेलीच राहते.

तुम्ही हसाल, पण या मानेनं एक लग्न मोडलेलं आहे. माझ्या पुतणीसाठी, सुरुचीसाठी, स्थळ बघायला आम्ही बसनं कोल्हापूरला गेलो होतो. बैठक भरली तेव्हा मुलाकडची मंडळी माझ्या उजव्या हाताला, आणि मान डावीकडे. पोहे आले, चहा आला, देण्याघेण्याचं बोलणं झालं, आणि तो सगळा वेळ मी त्यांच्या फ्रिजकडे बघत होतो. आम्ही घरी पोचायच्या आत निरोप पोचला. "मुलीचे काका तोंड फिरवून बसले होते. त्यांना स्थळ पसंत नसेल तर आमचाही आग्रह नाही." सुरुचीला पुढं चांगलं घर मिळालं, पण आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुनंदानं, तो विषय अजून बंद केलेला नाही.

आणि आता तर आमची स्वतःची मुलगी. अश्लेषा टोरांटोला नोकरी करते. तिथल्याच विघ्नेश मोहितेशी तिचं जमलं. त्याचे आईवडील मूळचे सांगलीचे, पण तिकडे राहून जुने झालेले. ठरलं असं, की आम्ही उतरलो की विमानतळावरून थेट मोहित्यांच्या घरी जायचं, जेवायचं आणि तिथंच बोलणी करायची. पोरीनं फोनवर स्पष्ट सांगितलं.

"बाबा, त्याचे, म्हणजे विघ्नेशचे बाबा जरा जुन्या वळणाचे आहेत. फर्स्ट इम्प्रेशनला फार मानतात. बाकी काही नको, फक्त सरळ बसा."

"मानेचं माझ्यावर सोपव," मी म्हणालो. तिनं फोन आईकडे द्यायला सांगितलं.

सुनंदानं त्याच दिवशी एक फर्मान काढलं. सुपारी फुटेपर्यंत बिल्डिंगमध्ये अवाक्षर काढायचं नाही. लग्नाचं नाही आणि विमानाचं तर नाहीच. "आधी गाजावाजा केला की नजर लागते. एकदा सुपारी फुटू दे, मग बिल्डिंगलाच काय, सगळ्या मनवेलपाड्याला पेढे वाटा." आमच्या घराण्यात हा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. माझं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा ते मलाही बरंच उशिरा कळलं होतं.

मग मी उशीच्या मागे लागलो. पहिली ऑनलाइन मागवली, घोड्याच्या नालासारखी, आत मेमरी फोम. हा फोम म्हणे आपल्या मानेचा आकार लक्षात ठेवतो. माझ्या मानेत लक्षात ठेवण्यासारखं काही नसावं, कारण दर वेळी तो पहिल्यांदाच भेटल्यासारखा वागला. दुसरी फुंकून फुगवायची होती. ती फुगवता फुगवता मला गरगरायला लागलं आणि डोळे मिटले. ही झोप होती की चक्कर, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. तिसरीला मध्ये भोक होतं. ती पुढच्या ट्रेवर ठेवायची आणि त्या भोकात तोंड खुपसून झोपायचं.

"मग एअर होस्टेसनं जेवण कुठं ठेवायचं?" सुनंदानं विचारलं. "तुमच्या टकलावर?"

"थट्टा करू नकोस. मी शोधून काढणारच."

"एक टॉवेल गुंडाळा गळ्याभोवती."

"हा पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे. तो टॉवेलवर सोडता येत नाही."

शेवटी मदतीला आला एरॉल. एरॉल पतपेढीत माझ्या समोरच्या टेबलावर बसतो आणि राहतो तिकडे लांब वटार गावात, त्यामुळे त्याला सांगायला फर्मानात सूट होती. म्हणाला, "परुळेकर, मोबाईलवर काय उशा बघत बसलास? आमच्या वाडीत सावरीच्या कापसाचं झाड आहे. मम्मीकडे चल."

एरॉलची मम्मी म्हणजे उर्सुलामावशी. चर्चच्या ग्रुपबरोबर त्या होली लँडला जाऊन आल्या होत्या, आणि स्वतः शिवलेल्या सावरीच्या उशीवर विमानात अशा झोपल्या, की जेवायला उठवलं म्हणून फादरांवर रागावल्या. एवढा अनुभव असलेलं माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये कुठून मिळणार? त्यांनी टेपनं माझी मान मापली, पुढून मागून पाहिली आणि एरॉलला सांगितलं, "मान लांब आहे. पण आधार काही नाही बिचारीला."

पुढच्या रविवारी उशी तयार झाली. पांढऱ्याशुभ्र मांजरपाटाची, आत सावरीचा कापूस ठासून भरलेला, आणि हनुवटीखाली बांधायला दोन नाड्या. मी ती बांधून मावशींच्या ओट्यावरच्या खुर्चीत बसलो मात्र, एरॉलनं हलवून उठवलं तेव्हा त्यांच्या घरची जेवणं उरकली होती. मान सरळ. मी मावशींच्या पायाच पडायला निघालो, पण वाकायला ती उशी देईना.

पण ओट्यावर झोप लागणं वेगळं आणि विमानात वेगळं. मी ठरवलं, रंगीत तालीम झाल्याशिवाय निघायचं नाही. घरी प्रयत्न केला. इंजिनाचा आवाज हवा म्हणून सुनंदाला मिक्सर लावायला सांगितलं. तिनं लावला, पण रिकामा कशाला फिरवायचा म्हणून त्यात लाल मिरच्या टाकल्या. झोपेऐवजी ठसका लागला. मग मला आठवलं, की सोसायटीची वार्षिक सभा आहे. ताठ पाठीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत गुडघे अडकतील इतकी दाटी, आणि सेक्रेटरी राऊतांचा आवाज, जो पाण्याच्या टाकीवर एकदा सुरू झाला की सबंध प्रवासभर एका पट्टीत चालतो. याहून विमान ते काय असतं? मी उशी बांधून दुसऱ्या रांगेत जाऊन बसलो.

जागा झालो तेव्हा सभा संपली होती आणि मान देवळाच्या खांबासारखी सरळ होती. मला इतका आनंद झाला, की अख्खी सभा माझ्याभोवती गोळा झाली आहे हे जरा उशिरा लक्षात आलं.

"परुळेकर," राऊत हळू आवाजात म्हणाले, "मानेला काय झालं?"

काय सांगणार? उशी म्हटली की विमान आलं, विमान म्हटलं की टोरांटो, आणि टोरांटो म्हटलं की अश्लेषा. बायकांच्या रांगेतून सुनंदा माझ्याकडे बघत होती. त्या नजरेपुढं माणूस खरं बोलू शकत नाही.

"काही विशेष नाही," मी म्हणालो. "जरा आखडलीय."

तळमजल्यावर आखडलेली ही मान दुसऱ्या मजल्यावर लचकली, तिसऱ्यावर तिचा मणका सरकला, आणि चौथ्या मजल्यावर माझं ऑपरेशन ठरलं. संध्याकाळपासून माणसं भेटायला येऊ लागली. शहाळी आली, मोसंबी आली, कुणी तीर्थ आणलं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही आणि रिकाम्या तोंडानंही येत नाही. प्रत्येकाजवळ एक मान होती.

"माझ्या आत्याच्या दिराचं अस्संच झालं होतं," तिसऱ्या मजल्यावरचे पाटकर म्हणाले.

"मग?"

"गेले बिचारे."

"मानेनं?"

"नाही, ट्रकनं. पण मान होतीच."

बेल वाजली की मी उशी बांधायचो आणि सुनंदा चहा टाकायची. दुसऱ्या दिवशी तिचा धीर सुटला. "चहापत्ती संपली, साखर संपली, आता मीही संपेन. सांगून टाकते सगळ्यांना."

"सांग," मी म्हणालो. "मग नजर लागली तर मला बोल लावायचा नाही."

ती मुकाट्यानं वाण्याकडे गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वादात मी जिंकल्याचं एवढं एकच उदाहरण आहे, आणि त्याचं फळ मला लगेच मिळालं.

कारण निघायच्या आदल्या दिवशी राऊत खास रिक्षा करून गास गावच्या बायजाबाईंना घेऊन आले. बायजाबाई हाडं बसवतात. भातशेतीत कुणाचा पाय मुरगळला, कुणाचा खांदा उतरला, की त्यांनाच बोलावतात. त्यांनी पदर खोचला आणि माझ्याकडे बघितलं.

"कोन, ह्योच का?"

"बाई, खरं सांगतो, माझी मान ठणठणीत आहे."

"समदे असंच बोलतात," त्या राऊतांना म्हणाल्या. "भ्यालाय."

त्यांनी उशी सोडून बाजूला ठेवली आणि माझी मान चारी बाजूंनी दाबून पाहिली. त्यांचा चेहरा पडला. "हाड तर जागेवर हाय," त्या नाराजीनं म्हणाल्या. राऊतही खट्टू झाले. एवढ्या लांबून रिक्षा केलेली, बाई हातातलं काम टाकून आलेली, आणि माझ्याजवळ तिला द्यायला साधा एक सरकलेला मणका नव्हता. मला यजमान म्हणून फार ओशाळल्यासारखं झालं.

"तरी जरा... इथं डावीकडं किंचित," मी म्हणालो.

बायजाबाई खुलल्या. "मंग आदी बोलाचं ना. शिरेवर शीर चढली आसंल." तेल चोळलं, एक हात हनुवटीखाली, एक डोक्यामागं. "तो पान्याचा तांब्या बघ तिकडं." मी तांब्याकडे बघितलं. जो आवाज झाला तो सुनंदानं स्वयंपाकघरात ऐकला.

"आता बसली," बायजाबाई समाधानानं म्हणाल्या.

बसलीच. डाव्या खांद्याकडे तोंड करून अशी बसली, की तिला काही केल्या तिथून उठवेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, आठवडाभर तरी काही होणार नाही. विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं.

आता विमानाबद्दल. मी झोपलो. खोटं कशाला बोलू, जन्मात झोपलो नव्हतो असा झोपलो. डावीकडे खिडकीशी एक वयस्कर सरदारजी होते. सुरुवातीला माझा चेहरा सारखा त्यांच्या चेहऱ्यासमोर पाहून ते हसले, मग अवघडले, आणि शेवटी त्यांनी आपणहून मला खिडकीची जागा देऊ केली. बाकी प्रवास उत्तम. उर्सुलामावशींच्या उशीत कणभर दोष नव्हता. मान जशी तिच्या हवाली केली, तशीच्या तशी तिनं ती टोरांटोला पोचवली.

विमानतळावर अश्लेषानं आम्हाला पाहून हात हलवला, आणि मग तो हात हळूहळू खाली आला.

"बाबा," एवढंच ती म्हणाली.

मला रडू आलं. पोरीनं आयुष्यात माझ्याकडे फार काही मागितलं नव्हतं. सायकल मागितली ती उशिरा दिली, आणि सरळ मान मागितली ती दिलीच नाही. मी काही बोलणार, तेवढ्यात सुनंदानं माझा दंड धरला. "आता कुणी रडायचं नाही. मी सांगेन त्या खुर्चीत बसायचं आणि हलायचं नाही."

मोहित्यांच्या घरात शिरताच तिनं दिवाणखान्यावर एक नजर फिरवली आणि मला एका खुर्चीत नेमून टाकलं. मोहिते कोचाच्या ज्या टोकाला बसले, ते बरोब्बर माझ्या डावीकडे आलं. आता माझ्या नजरेत मोहित्यांखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि ते हलेपर्यंत येणारही नव्हतं.

मोहिते बोलू लागले. सांगलीतून कसे निघाले, पहिल्या थंडीत बर्फावरून कसे घसरले, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत खजिनदार असताना त्यांच्यावर कसा अन्याय झाला. पहिल्या थंडीतच त्यांची बायको उठून आत गेली. गणपती येईपर्यंत विघ्नेशनं मोबाईल काढला. सुनंदाही भिंतीवरचे फोटो बघू लागली. मी मात्र त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होतो. मला दुसरीकडे बघायची फार इच्छा होती, पण सोय नव्हती.

जेवणाची पानं घेतली तेव्हा कुठं मोहिते थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अगं," ते बायकोला हाक मारून म्हणाले, "या घरात इतक्या वर्षांत माझं बोलणं कुणी असं ऐकलं नाही. या माणसानं एकदासुद्धा नजर हलवली नाही. मला व्याही म्हणून हेच पाहिजेत. सुपारी आण."

सुपारी फुटली. अश्लेषानं माझ्या गळ्यात हात टाकला, तो जरा जपूनच. पेढा घ्यायला मी खुर्चीसकट वळलो, तेव्हा विघ्नेशच्या लक्षात आलं.

"काका, मान दुखतेय का तुमची? माझ्या ओळखीचा एक फिजिओ आहे. उद्याच जाऊ. दोन दिवसांत सरळ करून देईल."

मी हो म्हणायला तोंड उघडलं. त्यात सुनंदानं पेढा घातला.

"नको रे बाबा," ती विघ्नेशला म्हणाली. "लग्न लागेपर्यंत राहू दे तशीच. सरळ मानेनं यांनी आजवर कुणाचंच ऐकून घेतलेलं नाही."