अकराचा खटका

आल्बान डोर्श यांनी फॉर्मवरच्या त्या चौकोनात खूण केली तेव्हा त्यांची बायको बाजारात गेली होती. यावरूनच काय ते ओळखा.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या तळघरातली, घर गरम ठेवणारी तेलाची जुनी भट्टी निघाली आणि तिच्या जागी अंगणात विजेवर चालणारा हीट पंप आला. आमच्या गावात त्याचं फार कौतुक झालं, पण सगळ्यांत जास्त कौतुक रोझविटाला, म्हणजे आल्बान यांच्या बायकोला होतं. या घरात तिने एकोणीस वर्षं सासूबाईंसोबत काढली होती, आणि त्यातली निम्मी लोकरीची टोपी घालून. कुनिगुंडेबाईंचा नियमच होता. सकाळी अकराचा ठोका पडला की त्या सपाता फटफटवत तळघरात उतरायच्या आणि भट्टी बंद करायच्या. "स्वयंपाकाची वाफ आहे की! अजून कसली ऊब हवीय?" एक वाजता पुन्हा सुरू. संध्याकाळी पाच ते सात पुन्हा तेच. चार वर्षांपूर्वी बाई गेल्या. पंप सुरू झाला त्या दिवशी आल्बान छातीवर हात ठेवून म्हणाले, "रोझविटा, यापुढे या घरात तुला कधी थंडी वाजणार नाही." बिचारीने डोळे पुसले. (विश्वास ठेवला तिने!)

आणि मग तो फॉर्म आला. विजेचा एक साधा दर, आणि एक हीट पंपवाल्यांसाठी सवलतीचा. छत्तीस वर्षं भूमापन कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला 'सवलत' हा शब्द दिसला की हात आपोआप पेनाकडे जातो. अट बारीक अक्षरांत होती: विजेची मागणी वाढली की कंपनी दिवसातून तीनदा, दर खेपेला दोन तासांपर्यंत तुमचा पंप बंद ठेवणार. सोबत गरम पाणी साठवणारी मोठी टाकी असली तर घराला पत्ताही लागत नाही. ती टाकी आल्बान यांनी आधीच रद्द केली होती. (तिथेही बचत!)

त्यांनी खूण केली, फॉर्म टपालात टाकला. कंपनीला पंप बंद-चालू करता यावा म्हणून इलेक्ट्रिशियनने तळघरात मीटरशेजारी एक राखाडी पेटी ठोकून दिली. नाताळला बायकोला बातमी सांगायची आणि शाबासकी घ्यायची, असा बेत होता. तोवर कंपनीची पाकिटं आली की ते ती न उघडताच मोज्यांच्या खणात दडवत.

आठवड्याभराने सकाळी रोझविटा बटाटे सोलत होती. चर्चच्या घड्याळात अकराचे ठोके पडले आणि तळघरातून आवाज आला.

खट्.

अंगणातली घरघर थांबली. घर एकदम इतकं गप्प झालं की सोललेली साल टोपलीत पडली तीही ऐकू आली.

"आल्बान, तळघरात कोण गेलं?"

"कोण जाणार? मी इथे आहे, तू इथे आहेस."

"अकरा वाजलेत," ती म्हणाली, आणि सुरी खाली ठेवली.

एक वाजता पुन्हा खट्, पंप सुरू. पाच वाजता बंद, सातला सुरू. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी रोझविटाने माळ्यावरून लोकरीची टोपी काढली.

आल्बान यांना खरं कारण ठाऊक होतं. कंपनीने नेमक्या आईच्याच वेळा निवडाव्यात, या योगायोगाचं त्यांना हसूही येत होतं. पण सांगणार कोणत्या तोंडाने? छातीवर हात ठेवून दिलेला शब्द होता तो.

मग तळघराचं दार अकराला किलकिलं सापडू लागलं. "वारा," आल्बान म्हणाले. मग रोझविटाला जिन्यावर पावलं ऐकू आली. सात पायऱ्या, मग थांबणं, मग पुढची. कुनिगुंडेबाई गुडघ्याला विसावा द्यायला तिथेच थांबायच्या. "पाइप आकसतात," आल्बान म्हणाले. पावलं त्यांनाही ऐकू आली होती. पण पाइप सपाता घालतात का, याचा विचार त्यांनी केला नाही. घाबरलेला माणूस वाऱ्याबद्दल आणि पाइपांबद्दल फार छान बोलतो.

शेवटी रोझविटाने पाद्रीबाबांना बोलावलं. त्यांनी खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडलं आणि आलुबुखाराच्या केकचे दोन तुकडे खाल्ले. तिसरा उचलला आणि अकरा वाजले. खट्. तळघराचं दार कुणी लोटल्यासारखं हळूच उघडलं. पाद्रीबाबांना अचानक एक अंत्यविधी आठवला. कोट त्यांनी रस्त्यावर जाऊन चढवला.

त्याच दुपारी रोझविटाने बॅग भरली.

"मी न्युर्नबर्गला हेडविगकडे चालले. साडेपाचची बस आहे."

"तुझ्या बहिणीकडे? किती दिवस?"

"दिवस कसले विचारतोस? एकोणीस वर्षं जिवंत सासू सोसली. आता मेलेली सोसायचं बळ नाही रे माझ्यात."

एक्केचाळीस वर्षांत आल्बान यांनी सकाळची कॉफी एकट्याने कधी प्यायली नव्हती. माणूस कंजूष होता, पण बायकोवर त्याचा जीव होता. पाचला दहा कमी असताना ते फोन घेऊन गुपचूप तळघरात उतरले आणि कंपनीला लावला.

"माझा सवलतीचा दर रद्द करा. आत्ताच्या आत्ता!"

पलीकडच्या बाईंनी नाव विचारलं, जरा वेळ शोधलं. "डोर्शसाहेब, तुम्हाला तो दर मिळालाच नाहीये. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर तुमची सही नाही. आम्ही दोन पत्रं पाठवली."

(मोज्यांच्या खणात.)

"अहो, मग माझा पंप रोज अकराला बंद कोण करतं?"

"इथून कुणीच नाही."

"आणि ही भिंतीवरची पेटी?"

"ते नुसतं खोकं हो. आतलं यंत्र मंजुरीनंतर बसवतात."

आल्बान यांनी खिशातलं नाणं फटीत घालून झाकण उचकटलं. आत स्क्रूची चार भोकं आणि एक कोळी, तोही कधीचा मेलेला. तेवढ्यात चर्चमध्ये पाचचे ठोके पडले आणि त्या रिकाम्या खोक्यातून, त्यांच्या नाकासमोर, आवाज आला.

खट्.

पंप थांबला.

"कुणीतरी बटण दाबलं वाटतं," फोनवरच्या बाई म्हणाल्या. "घरात आणखी कुणी आहे का?"

आल्बान यांच्या पाठीमागे जिना करकरला. सात पायऱ्या. मग विसावा.

तो जिना ते कसे चढले हे त्यांना आजतागायत आठवत नाही. वर आले ते ओरडतच. "रोझविटा! मी नाही केलं! खरंच आई आहे! मला वाटलं सवलतीच्या दरामुळे होतंय, पण सहीच राहिली होती!"

रोझविटा कोट घालून दाराशी उभी होती. "कसला सवलतीचा दर?"

झालं. चौकोन, टाकी, मोज्यांचा खण, सगळं एका दमात बाहेर पडलं. ती बॅगेवर बसली.

"म्हणजे मला गारठवायला तू निघाला होतास."

"निघालो होतो."

"आणि तेही तुला जमलं नाही."

रोझविटा उठली, कोट काढून खुंटीला अडकवला, तळघराच्या दाराशी गेली आणि खालच्या काळोखात वाकून म्हणाली, "आई, वर या. कॉफी टाकते. मी तीन आठवडे उगाच तुमच्या नावाने बोटं मोडली. तुम्ही जे केलंत ते निदान उघडपणे केलंत, घड्याळ लावून."

"मग तू जात नाहीस ना?" आल्बान यांचा चेहरा खुलला.

"मी कशाला जाऊ?" तिने बॅग त्यांच्या हातात दिली. "हेडविगला फोन करून सांगते, तू येतोयस म्हणून."

आल्बान उंबऱ्यापर्यंत पोचले असतील नसतील, तळघरात खट् झालं आणि सातची वाट न पाहता पंप सव्वापाचलाच सुरू झाला.

त्या संध्याकाळी घर कसं झकास तापलं होतं, हे त्यांना न्युर्नबर्गला पोचल्यावर हेडविगकडून कळलं.