शिट्टी वाजली की पळायचं

ही गोष्ट मी लिहिणारच नव्हतो. धाकू हवालदार आमच्याच चाळीत राहायचे आणि त्यांना वाचता येत होतं. आता त्यांची बदली झालीये, तर लिहून टाकतो.

आमच्या विद्याधरला मॅरेथॉनचं खूळ. बोरिवली ते वांद्रे आणि परत. आदल्या वर्षी तो कांदिवलीच्या नाल्यावरच्या मोरीवर जो बसला, तो घोडागाडीतूनच घरी आला. यंदा त्यानं व्यायामशाळेसमोर शड्डू ठोकला, "शर्यत पुरी नाही केली तर मिशी उतरवीन!"

घरी आईनं कपाळावर हात मारला. "मेल्या, कुंदानं त्या मिशीकडे बघून होकार दिलाय. खाली ओठ आहे की नाही तेही तिला ठाऊक नाही!"

पहाटे सरावाला निघालं की गोराईच्या खाडीकडून तिघे धावत यायचे. पोटं ही एवढाली, पण पाय झकास! विद्याधर रोज मागे पडायचा. एकदा त्यानं गाठलंच.

"दादा, पोटाला काय बांधलंय?"

म्होरक्या सहदेवनं आधी मागे बघितलं, मग ह्याच्याकडे. "मोटारीची ट्यूब. वजन नको का? वजनाची सवय झाली की रिकामा माणूस पाखरागत जातो."

"आणि मागून शिट्टी वाजते ती?"

"ती वाजली की स्पीड वाढवायचा. मागे बघायचं नाही."

विद्याधर भारावला. दारूबंदीत हातभट्टीचा माल ट्यूबांतून जातो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण विद्याधर फक्त व्यायामाची मासिकं वाचायचा. त्यानं जुनी ट्यूब आणली, पाण्यानं भरली आणि सदऱ्याखाली बांधली. चौघे मिळून पळू लागले.

एका पहाटे शिट्टी वाजली. तिघे गल्लीत गडप! गल्लीचा नियम ह्याला कुणी सांगितलाच नव्हता. हा सरळ पळत राहिला आणि धाकू हवालदारांनी सायकल आडवी घातली.

"खंय धावतंस रे? काढ ती ट्यूब!" त्यांनी ट्यूबचं तोंड सोडलं, हुंगलं, घोट घेतला आणि थुंकले. "पाणी? पोटाक पाणी बांधून कोण धावता रे? कोणी शिकयला?"

विद्याधरच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. पण गुरू तो गुरू. "मनानंच," तो म्हणाला.

ट्यूब जप्त झाली. पाण्यासकट.

शर्यतीला विद्याधर धरून तीनच गडी उतरले. एकाला मालाडला सासुरवाडी लागली, तो चहाला शिरला तो बाहेर आलाच नाही. परतताना विद्याधर पुढे होता. पण कांदिवलीची मोरी आली आणि हा बसला. मागून तिसरा गडी, चंद्रप्रकाश, येताना दिसत होता.

कडेला सहदेव आणि दोघं उभे. नाव फोडलं नाही म्हणून मुद्दाम आलेले, सपाट पोटांनी.

"ऊठ रे विद्या! मिशी जाईल यार!"

"जाऊ दे. वाट लागली माझी."

तेवढ्यात बंदोबस्तावरच्या धाकू हवालदारांनी एका बैलगाडीला हटवायला शिट्टी फुंकली. तिघे उधळलेच! विद्याधरचे पायही त्याला न विचारता उठले. चौघे थेट बोरिवली. तिघांनी फीत तोडली आणि तसेच दहिसरच्या दिशेनं दिसेनासे झाले.

परीक्षकांनी बराच वेळ वाट पाहिली. शेवटी जो थांबला त्याच्या हातात कप दिला. मिशी वाचली.

दुसऱ्या पहाटे विद्याधर कप घेऊन खाडीवर. "सहदेव, हा तुझा."

"येडा काय रे? झडतीत सापडला तर काय सांगू, पळून मिळवला?" पण त्यानं कप दोन्ही हातांत धरून ठेवला. "लोक टाळ्या वाजवत होते, ना रे? मी पळतोय आणि लोक टाळ्या वाजवतायत, हे पहिल्यांदाच. पुढल्या साली नाव देऊ म्हणतो... पण शिट्टीशिवाय पाय उचलत नाहीत."

"तू नाव दे," विद्याधर म्हणाला. "मोरीपाशी मी उभा राहतो, शिट्टी घेऊन. वचन!"