बल्गेरियाचं स्थळ

आण्णा चौगुल्यांना कुणाचा राँग नंबर लागला, की फोन ठेवण्याची घाई त्या बिचाऱ्यालाच करावी लागे. "इथं पांडुरंग न्हाय, पर तुम्ही कुठलं म्हणायचं?" इथून सुरुवात व्हायची. गाव कळलं की भावकी, भावकी कळली की त्या गावात आपल्या ओळखीचं कोण, आणि मग ऊस कुठल्या कारखान्याला घालता. एकदा इचलकरंजीच्या एका गृहस्थांना पॉवरलूमचा मिस्त्री हवा होता आणि त्यांनी चुकून आण्णांचा नंबर फिरवला. फोन संपला तेव्हा आण्णांनी त्यांच्या पुतणीसाठी वडणग्याचं एक स्थळ सुचवून ठेवलेलं होतं. पुढे ते लग्न झालं. आण्णा जाऊन जेवून आले आणि मला त्यातले दोन लाडू आणून दिले.

ही चौकशीची सवय म्हणजे आण्णांचं निम्मं आयुष्य होतं. उरलेलं निम्मं शिरोलीच्या एका फौंड्रीत गेलं. तिथून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले आणि फुलेवाडीत आमच्या शेजारी पूर्णवेळ राहायला लागले. दाढ काढून घ्यायला गेले, तर तोंडात चिमटा असतानाही त्यांनी डॉक्टरला गाव विचारलं होतं. "मूळ कळल्याबिगर माणसाला दारात घेऊ ने," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला मात्र त्यांनी कसं दारात घेतलं देवाला ठाऊक, कारण आमचं मूळ मलाच धड माहीत नाही. बरं, मला दारात घेतलं म्हणण्यापेक्षा ते माझ्या दारात आले आणि तिथेच राहिले, हे जास्त खरं.

त्याला कारण माझा कॉम्प्युटर. मी घरी बसून लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायचो, म्हणून आण्णा मला प्रेसवाले म्हणत. जो माणूस कॉम्प्युटरवर मराठी उमटवतो तो कुठंही मराठी उमटवू शकतो, अशी आण्णांची समजूत होती. ती समजूत मी त्यांच्या डोक्यातून काढू शकलो नाही. आजही काढू शकणार नाही.

दोन हजार आठच्या सुमाराची गोष्ट. आण्णांचा मुलगा विनू बेंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये. त्याने नवा फोन घेतला आणि जुना आण्णांना दिला. जाडजूड, पडद्यावर पेनाने टोचून चालवायचा, तेव्हाच्या मानाने स्मार्टफोन. इंग्रजी त्याला फर्डं येई. मराठीचं मात्र अक्षर दिसत नसे. मराठीत मेसेज आला की पडद्यावर नुसते चौकोन, एकाशेजारी एक, फरशी बसवल्यासारखे.

आण्णांची थोरली बहीण, अक्का, गगनबावड्याला असते. तिचा फोन साधा, हातात मावणारा, पण त्यात मराठी होतं. तिने एका पावसाळ्यात मेसेज पाठवला. आण्णांना दिसले चौकोन. अक्का बोलावतेय असं समजून ते रंकाळा स्टँडवर गेले आणि गाडीत बसले. तिकडे पोचल्यावर कळलं, अक्काने लिहिलं होतं, घाटात दरड पडायला लागली आहे, पाऊस थांबेपर्यंत येऊ नकोस. पाऊस थांबेना आणि परतीची गाडी सुटेना. अक्काच्या नवऱ्याचे सदरे घालून आण्णा तिथे बसून राहिले.

परत आले ते थेट माझ्याकडे. म्हणाले, ह्या फोनला मराठी शिकवा. मी म्हटलं, त्यापेक्षा अक्कांसारखा साधा फोन घ्या. हे सरळ उत्तर होतं, पण आण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना पोरगं विकायला सांगितलंय.

"विनूनं दिलाय न्हवं," एवढंच म्हणाले.

आता विनूबद्दल सांगायला हवं. विनूची आई, म्हणजे आमच्या काकू, होत्या तोवर विनूचा रविवारचा फोन काकूंसाठी असायचा. त्या तासभर बोलायच्या आणि शेवटी आण्णांच्या हातात फोन द्यायच्या. काकू गेल्यावर फोन थेट आण्णांना यायला लागला. जगभरच्या राँग नंबरांशी गप्पा मारणारा हा माणूस पोटच्या पोराशी बोलताना गप्प व्हायचा. जेवलात का? जेवलो. तब्येत? बरी हाय. पाऊस? हाय. ठेवू मग? ठेव. हा सगळा संवाद मी भिंतीपलीकडून ऐकलाय, कारण आण्णांचा आवाज भिंतीला जुमानत नसे. पुढे पुढे तर विनू एखाद्या रविवारी फोन करायचाही विसरे. आण्णा मात्र रविवारी सकाळपासून घराबाहेर पडत नसत.

मी इंटरनेटवर शोधाशोध केली. कळलं ते असं. फोनमध्ये कंपनीने भरलेलं सगळं पुसायचं आणि त्या जागी बाहेरच्या हौशी माणसांनी बनवलेलं भरायचं. आधी फोनचं आतलं कुलूप तोडायचं, मग हे नवं भरायचं. जमलं तर मराठी दिसेल. नाही जमलं तर फोन मेला. त्या बनवलेल्या मालाला रॉम म्हणतात आणि ते बनवणाऱ्यांना चक्क कूक, म्हणजे आचारी. हे मी आण्णांना समजावून सांगितलं आणि तिथेच माझं नशीब फिरलं.

आचारी म्हटल्यावर आण्णांनी विचारलं, "कुणाच्या हातचं हाय ते बगाय नगो?"

त्या संकेतस्थळावर जगभरचे आचारी होते. कुणाचं रॉम हलकं, कुणाचं चटपटीत, कुणाच्यात बॅटरी जास्त टिकायची. नवख्या माणसाने फक्त एक गोष्ट पाहायची असते, ते आपल्याच मॉडेलसाठी बनवलंय का. आण्णांनी ती सोडून सगळं पाहिलं. माझ्याकडून त्यांनी प्रत्येक आचाऱ्याला इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. आपलं गाव कोणतं, घरी कोण कोण, शेती आहे का, भाऊ काय करतात. मी हात जोडले, पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. पण आण्णा खुर्ची ओढून शेजारी बसायचे, लोडशेडिंग सुरू होईपर्यंत उठायचे नाहीत आणि वीज आली की परत हजर.

पोर्तुगालच्या एकाने उत्तरात फक्त एक लिंक पाठवली. आण्णांनी त्याला बाद केलं, माणूस तुटक आहे म्हणाले. रशियातल्या एकाने तुम्हाला हे कशाला हवंय असं विचारलं. तोही बाद, कारण ज्याच्या घरात काही लपवायचं असतं तोच असं विचारतो. मग बल्गेरियातल्या एकाचं उत्तर आलं, चांगलं लांबलचक. आम्ही खेड्यात राहतो, आई आहे, दोन गाई आहेत, थोरला भाऊ ट्रॅक्टर चालवतो, आणि तुमच्याकडे पाऊस कसा आहे?

मी मराठी करून सांगत होतो आणि आण्णांचा चेहरा खुलत होता. त्यांनी ते परत वाचायला लावलं. "जमतंय," म्हणाले. "ज्याच्या दारात जनावर हाय, त्यो फसवायचा न्हाय. ह्योच भरा."

त्याच पत्राच्या शेवटी त्या भल्या माणसाने स्वच्छ लिहिलं होतं, की माझं रॉम तुमच्या मॉडेलवर कधी तपासलेलं नाही. ते मी दोनदा वाचून दाखवलं. आण्णा म्हणाले, बघा, किती सरळ माणूस आहे, आपणहून सांगतोय. मी भरलं.

फोन मेला. पडद्यावर रंगीत पट्टे उमटले आणि तिथेच थांबले. बटण दाबा, बॅटरी काढा, घाला, पट्टे जागचे हलेनात. आण्णा शांत होते. फौंड्रीतल्या माणसाला ओतकाम बिघडल्याचं फार वाटत नाही, बिघडलेला माल परत भट्टीत टाकता येतो. "वितळवायचं आनि पुन्ना वतायचं," ते म्हणाले. मी सांगितलं, ह्याला भट्टी नसते. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला. पोराचा फोन आपण मारला, हे त्यांना त्या क्षणी कळलं. खिशातून रुमाल काढून त्यांनी तो मेलेला फोन त्यात गुंडाळला आणि घरी गेले.

घरच्या जुन्या फोनवरून त्यांनी विनूला सांगितलं. विनू भडकला असेल असं मला वाटलं होतं. पण पोरगं त्याच धंद्यातलं, त्याला त्यात रस वाटला. पट्टे कुठल्या रंगाचे, खाली काय लिहिलंय, कुठलं बटण दाबलंत. आण्णा उत्तरं देत गेले. त्या रविवारी भिंतीपलीकडून मी आण्णांचा आवाज किती वेळ ऐकत होतो सांगता येणार नाही. जेवलात का हे विचारायचं विनूला आठवलंच नाही.

मग रविवारमागून रविवार हेच. विनू माझ्या फोनवर आण्णांना सांगायचा, आण्णा माझ्या कॉम्प्युटरसमोर बसून मला सांगायचे आणि मी करायचो. जुनं रॉम परत बसलं, फोन जिवंत झाला, चौकोन परत आले. विनूने दुसरं रॉम सुचवलं, ते अर्धं चढलं आणि अडकलं. तिसऱ्यात मराठी दिसलं, पण सगळ्या वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटलेल्या. मधल्या वेळात दोघं इतर बोलायलाही लागले. विनूने एकदा विचारलं, फौंड्रीत माल बिघडला की तुम्ही काय करायचा. जन्मात पहिल्यांदा त्याने बापाच्या कामाचं काही विचारलं होतं. आण्णांनी भट्टी कशी पेटवायची, लोखंड किती लाल दिसलं की ओतायचं, सगळं सांगितलं. ते आटपेपर्यंत माझी एक लग्नपत्रिका रखडली आणि नवऱ्या मुलाचा बाप दारात येऊन बसला. त्याला कुणी गावसुद्धा विचारलं नाही.

वैताग मला यायचा. रविवार माझा, वीज माझी, शिव्या गिऱ्हाइकाच्या. पण आण्णा शनिवारी दाढी करायला लागले होते, अंगणात उभे राहून मोठ्याने खाकरायला लागले होते. काकू गेल्यापासून ते बंद होतं. म्हणून मी गप्प बसत होतो.

दिवाळीच्या आधी बेंगळूरहून पार्सल आलं. आत नवा कोरा फोन. विनूने सगळं भरून, तपासून पाठवला होता. मराठी सुरेख, एक वेलांटी इकडची तिकडे नाही. अक्काच्या नावासमोर तिचा फोटोसुद्धा लावलेला. सोबत चिठ्ठी, की आण्णा, आता त्या जुन्याच्या मागे लागू नका, उगीच त्रास होतो तुम्हाला. चांगलं पोरगं आहे हो विनू. बापाचे हाल बघवेनात म्हणून त्याने केलं.

पुढच्या रविवारी आण्णा सवयीने माझ्याकडेच येऊन बसले, नवा फोन टेबलावर ठेवून. फोन वाजला. विनूने विचारलं असावं, नीट चालतोय ना.

"चालतोय."

मग थोडं थांबून, "जेवलो."

मग, "बरी हाय."

मग, "ठेव."

फोन त्यांनी टेबलावर ठेवला. मी पत्रिकेतली मुंडावळ्यांची चित्रं सरकवत राहिलो, त्यांच्याकडे पाहायची माझी छाती होईना. अक्काचा मेसेज आला, चक्क मराठीत, फराळाला ये म्हणून. त्यांनी तो वाचला आणि फोन माझ्याकडे सरकवला.

"ह्यात काय भरता येतंय का बगा की," म्हणाले.

मी म्हटलं, आण्णा, ह्यात सगळं आहे. ह्याला काही झालेलं नाही.

"म्हाईत हाय मला." त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "लई नीट चालतोय वो ह्यो. काय तरी बिगडवून द्या की, प्रेसवाले. फुडच्या रविवारापर्यंत."

मी पत्रिका बाजूला ठेवली आणि तो फोन हातात घेतला.